मास्तरांची खालची कवळी

बाळीवेस, सोलापूर
६ जानेवारी २०२५

ती. अक्काला मल्लूचा शरणार्थ.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. फोन न करता लिहायला बसलो, कारण माझ्या तोंडातून आता शब्द येत नाहीत, नुसती हवा येते. उरलेसुरले दात दिवाळीनंतर काढून टाकले. साखरेने हिरड्या पोखरल्या होत्या, ते तुला माहीत आहेच. वरची कवळी बसली. खालची काही केल्या बसत नाही. बोलायला लागलं की ती उठते, जेवायला लागलं की फिरते. परवा गड्ड्याच्या जत्रेच्या वर्गणीला चार माणसं आली होती. त्यांना या बसा म्हणालो आणि कवळी माझ्या मांडीवर. फोनवर तुला माझं काही कळणार नाही, त्यात तुझ्या कानातलं ते यंत्र शिट्ट्या मारतं.

जेवणाचं एक वेळ सोसेन. पण मठातल्या पुराणाचं काय? शाळेत मास्तर होतो तेव्हापासून श्रावणात रोज संध्याकाळी मी पुराण सांगत आलो. गेल्या श्रावणात दात हलत होते म्हणून माझ्या जागी मठातल्या चन्नवीरला बसवलं. तो मोबाईलमध्ये बघून वाचतो आणि लोक माना डोलावतात! यंदाही त्यालाच बसवायचं असं ट्रस्टी आपसात बोलतात, हे मला भाजीवाल्याकडून कळतं. एकदा ती जागा गेली की गेली, अक्का. मग मी घरातच बसणार, आणि घरात मला कोण ऐकतं?

तर उपाय आहे. डॉ. हेमावती म्हणून दातांच्या बाई आहेत. त्या म्हणतात खालच्या जबड्यात स्क्रू बसवायचे, इम्प्लांट म्हणतात त्याला. त्यावर कवळी बटणासारखी अडकते, हलत नाही. पण माझी तीन महिन्यांची साखर तपासली ती नऊच्या वर निघाली. बाई म्हणाल्या, "साखर वर असली की हाड स्क्रूला धरत नाही आणि जखमही चिघळते. साडेसातच्या आत आणा, मग या." एप्रिलमध्ये पुन्हा तपासणार. तेव्हा स्क्रू बसले आणि हाडाने पुढे तीन महिन्यांत ते धरले, तर श्रावण गाठता येतो. एप्रिल हुकला तर श्रावण हुकला.

मी गोड सोडलं आहे. या वेळी खरंच सोडलं आहे. तू विश्वास ठेवणार नाहीस.

तुझा
मल्लिनाथ


वैराग
१४ जानेवारी २०२५

चि. मल्लू,

आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ पाठवत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

पत्र दुकानातच वाचलं. गिऱ्हाईक तूरडाळीसाठी खोळंबलं होतं आणि मी हसत होते. मग राग आला. साखर निघाली तेव्हा तुझी पन्नाशीही झाली नव्हती. तेव्हा कोण म्हणत होतं, "काय होत न्हाय गं अक्का, वाढ की अजून पळीभर"? लग्नात, बारशात, मठात, जिथे जाशील तिथे हुग्गी चापलीस. गव्हाची खीर म्हणजे औषध आहे असं मलाच शिकवायचास. आता दात गेल्यावर साधू झालास.

विश्वास ठेवत नाही, बरोबर ओळखलंस. पण पुराणाची जागा जाऊ देऊ नकोस. आपल्या अप्पांनी तुला लहानपणी त्यासाठीच मठात बसवलं होतं. तेव्हा आता सांगते ते ऐक. जेवल्यावर किल्ल्याच्या बागेपर्यंत चालत जा. भात नको. चहात साखर नको, आणि बायको बघत नाही तेव्हाही नको. नैवेद्याचं किंवा मठातून आलेलं ताटात पडलं तर टाकायचं नाही. आपण ताट धुऊन पाणी पिणारी माणसं, मास्तरला मी काय शिकवू. पण टाकायचं नाही म्हणून पोटात घालायचं असंही नाही. तुझा वाटा मुकाट्याने शिवलीलेच्या ताटात सरकव. मागेही हेच सांगितलं होतं. तिला कसला रोग नाही, तिला पचेल.

माझे गुडघे आणि हे दुकान, दोन्ही मला हलू देत नाहीत. नाहीतर येऊन तुझ्या उशाशी बसले असते.

राजेश्वरी


बाळीवेस, सोलापूर
३ मार्च २०२५

ती. अक्काला शरणार्थ.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे सगळं चाललं आहे. आमटीत बुडवून बुडवून भाकरी खातो, म्हणजे खातो कसली, पितोच. शेजारच्या घरात कडक भाकरी मोडतात त्याचा आवाज भिंतीतून येतो आणि मला रडू येतं. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मठातून हुग्गी आली. वर तूप, वेलदोडा. बोटसुद्धा चाटलं नाही. वाटी तशीच शिवलीलेच्या ताटात. गेली दोन वर्षं प्रसादाच्या बाबतीत तरी मी चुकलेलो नाही, हे तू मान्य करायला हवंस.

पण घरात साथ नको का मिळायला? शिवलीलेचं काय बिनसलंय कळत नाही. पूर्वी ही बाई भिंगरीसारखी फिरायची. आता दुपारी आडवी होते ती चहाची वेळ टळून गेली तरी उठत नाही. पाण्याचा तांब्या जवळ घेऊनच बसते. रात्री सारखी उठते आणि दाराची कडी वाजवून माझी झोप मोडते. चपलेने करंगळीला घासलंय, त्यावर हळद लावून लंगडत फिरते. महिना झाला. डॉक्टरला दाखव म्हटलं तर म्हणते, "आदी तुमचं होऊ द्या, मला काय धाड भरलीय?" भाकरीला उशीर झाला की माझी साखर खाली जाते, चक्कर येते. हे तिला सांगितलं तर माझ्याकडे नुसती बघते.

एक रुग्ण सांभाळायचा तर घरातली बाकीची माणसं धड हवीत. तू तिला चार शब्द सांग. तुझं ती ऐकते.

चन्नवीरने नवीन शाल घेतली आहे. श्रावणासाठी असणार.

मल्लिनाथ


वैराग
१२ मार्च २०२५

चि. मल्लू,

तुझ्या पत्रात निम्मी जागा चन्नवीरची शाल आणि तुझी भाकरी. अरे, ती साठीला आली. चाळीस वर्षं तुझी उठबस काढली, आता दुपारी जरा पाठ टेकली तर तुझ्या पोटात दुखतं? तिला मी काही सांगणार नाही. सांगायचं ते तुलाच.

बायकांना या वयात अशक्तपणा येतो. मलाही आला होता. डिंकाचे लाडू करून आपल्या गल्लीतल्या कंडक्टरबरोबर एसटीने पाठवतेय. गूळ सढळ घातलाय, खारीक आहे. रोज सकाळी एक आणि थकवा वाटला तर संध्याकाळी एक खा म्हणावं. ते तिच्यासाठी आहेत. तू डब्याला हात लावलास तर मला कळेल, कसं ते विचारू नकोस.

पायाला हळदीबरोबर खोबरेल लावायला सांग.

एप्रिलची तपासणी झाली की लगेच लिही.

राजेश्वरी


बाळीवेस, सोलापूर
१६ एप्रिल २०२५

ती. अक्का,

सगळं संपलं. तपासणीत अकराच्या वर साखर आली.

नऊवर होती ती उतरायची सोडून अकरावर गेली! मी, ज्याने तीन महिने साखरेचा दाणा तोंडात घातला नाही, बागेपर्यंत चालून चालून ज्याच्या चपला झिजल्या, त्याची साखर अकरा! डॉ. हेमावतींनी रिपोर्ट बघितला आणि खुर्चीत बसूसुद्धा दिलं नाही. "मास्तर, दातांचं विसरा, आजच्या आज साखरेच्या डॉक्टरकडे जा. ही साखर धोक्याची आहे." मी म्हटलं लॅबचं मशीन बिघडलं असेल. त्या म्हणाल्या, मग दुसरीकडे तपासा. मी उठून आलो.

मशीनच बिघडलेलं आहे. नाहीतर नळ्या बदलल्या असतील. तो लॅबचा माणूस सकाळी घरी आला तोच घाईत होता, कोणाचं रक्त घेतोय हेसुद्धा त्याने नीट पाहिलं नाही. जाऊ दे. पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. महिना असाच जाणार, श्रावण गेलाच.

ट्रस्टींना निरोप दिला, यंदाही चन्नवीरलाच बसवा. ते एवढ्या पटकन बरं म्हणाले, की मी तिथेच उभा राहिलो.

मला उलट पत्र लिहून बोलू नकोस. मी आधीच वैतागलो आहे.

मल्लिनाथ


वैराग
२१ एप्रिल २०२५

मल्लू,

बोलू नको म्हणतोस म्हणून दोन दिवस थांबले. आता बोलते.

तू खोटारडा आहेस. शाळेत पाटी फुटली तेव्हा वाऱ्याने फुटली म्हणाला होतास, तोच तू. मशीन बिघडलं, नळ्या बदलल्या! सगळ्या सोलापुरात तुझ्याच रक्ताच्या वेळी मशीन बिघडतं? माझे लाडू खाल्लेस ना? मी शिवलीलेला फोन केला. यंत्र काढून फोन कानाला दाबून धरला. ती म्हणाली, "न्हाय हो वन्सं, त्यांनी कायबी खाल्लं न्हाय. लाडू समदे मीच खाल्ले." ती खोटं बोलत नाही. मग ही साखर कोणाच्या पोटातून आली, मला सांग की! आकाशातून?

आणि डॉक्टरीणबाई धोका म्हणत असताना तू घरी येऊन रुसून बसलास? ट्रस्टींना निरोप द्यायला वेळ आहे, साखरेच्या डॉक्टरकडे जायला नाही? तुला शाल हवी की जीव हवा?

हे पत्र मिळेल त्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये स्वतः जायचं. घरी कोणाला बोलवायचं नाही. रिपोर्ट आला की मला कळवायचं. नाही कळवलंस तर दुकानाला कुलूप लावून मी या गुडघ्यांनिशी येईन आणि मठाच्या दारात उभी राहून तुझे वाभाडे काढीन.

राजेश्वरी


बाळीवेस, सोलापूर
२ मे २०२५

ती. वन्संना शिवलीलाचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. फोनवर हे सांगायला लागले तर मी रडेन आणि तुम्हाला ऐकूही येणार नाही. ह्यांनी तुम्हाला कळवलं नसेल. कळवायचं धाडस नाही. म्हणून मी लिहिते.

परवा बसवजयंती होती. मठातून हुग्गी आली, घरी मी पुरणाच्या होळिगे केल्या होत्या. आम्ही जेवायला बसलो. दर वेळेसारखी ह्यांची वाटी माझ्याकडे येणार म्हणून मी ताटात जागा करून ठेवली. तर ह्यांनी वाटी दिली नाही. स्वतः खाल्ली. मी म्हटलं, "अहो, काय करताय, साकर हाय की तुमाला!" मग हात लांब करून माझ्या ताटातली वाटी उचलली, तीपण खाल्ली. मग माझी होळिगे. बिनदाताच्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येतंय आणि कोंबत आहेत. मला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. मी ताट ओढलं, ह्यांनी धरून ठेवलं. म्हटलं सणाच्या दिवशी माझ्या तोंडचा घास काढायला काय केलं मी तुमचं? तेव्हा बोलले. "तुला द्यायचं न्हाय आणि परसाद टाकायचा न्हाय, मग मी काय करू?"

मग सगळं बाहेर आलं. एप्रिलमध्ये तो लॅबचा माणूस घरी आला तेव्हा ह्यांनीच मला खुर्चीत बसवलं होतं. रिपोर्ट ह्यांच्या नावाचा, हात माझा. मला म्हणाले होते, "तू धडधाकट हायस, तुजं रगत दिलं की काम होतंय, दातापुरतं." मी हात पुढं केला. नवऱ्याचं पुराण सुटू नये म्हणून केला. मला तरी काय माहीत?

वन्सं, ती अकराची साखर माझी आहे.

तुमचं पत्र आल्यावर हे दुसऱ्या लॅबमध्ये गेले होते. तिथे ह्यांची सातच्या जरा वर निघाली. म्हणजे ह्यांनी खरंच पथ्य पाळलं होतं. एप्रिलला आपलंच रक्त दिलं असतं तर आज स्क्रू बसले असते. आणि हे कळल्यावर चार-पाच दिवस तोंड बंद करून बसले. मी विचारलं का नाही सांगितलं, तर म्हणतात, "तुजा पाय बगितला आणि भ्या वाटलं." पाय बघितला म्हणे! तो पाय घेऊन मी तीन महिने ह्यांच्यासमोर लंगडतेय.

मला इतका राग आलाय वन्सं, की मी आज स्वयंपाक केला नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

तुमचे लाडू चांगले होते. त्याचा राग नाही.

शिवलीला


वैराग
६ मे २०२५

मल्लू,

शिवलीलेचं पत्र आलं. दुकान बंद करून वाचलं, आणि नंतर उघडलं नाही.

ज्याने सगळ्या मठाला सत्य-असत्य सांगितलं त्याने बायकोचा हात आपल्या नावाने पुढे केला. दातापुरतं! आणि मी इथे बसून तिला गूळ सढळ घालून लाडू पाठवते, खोबरेल लाव म्हणून सांगते. तू सरकवत गेलास, मी सरकव म्हणत गेले, आणि ती खात गेली, कारण टाकायचं नाही. आपण दोघांनी मिळून तिच्यावर साखर घातली, मल्लू. मला काल जेवण गेलं नाही.

रडणं पुरे. आता ऐक. दात राहू दे. आज तिला घेऊन जा, उद्या नाही. साखरेचे डॉक्टर, आणि त्यांनी सांगितलं तर पायाचे. हळद धुऊन टाक. तिला अनवाणी एक पाऊल टाकू देऊ नकोस.

आणि इथल्या मठाच्या स्वामींना मी विचारून आले. म्हटलं, प्रसाद टाकायचा नाही आणि खायचाही नाही, तर माणसाने मरायचं का? ते हसले नाहीत. म्हणाले, "वाढायच्या आदीच हात आडवा धरायचा. दाणाभर घ्यायचं, तेवढंच प्रसाद." एवढं सोपं होतं. एवढ्या वर्षांत तुला सुचलं नाही, मला सुचलं नाही.

मी रविवारी येतेय. गुडघे मोडले तर मोडू देत.

राजेश्वरी


बाळीवेस, सोलापूर
९ जून २०२५

ती. अक्काला शरणार्थ.

तू होतीस तोवर पाय बरा वाटत होता. तू गेलीस आणि आठ दिवसांत करंगळी काळी पडली. तुझ्या गुडघ्यांसाठी आणि त्या कानासाठी तुला फोन केला नाही. काल तिची करंगळी काढली.

डॉक्टर म्हणाले, वाचवता आली असती, दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं. साखरेने जखम भरू दिली नाही, हाडापर्यंत गेलं. डॉ. हेमावती माझ्या जबड्याबद्दल जे सांगत होत्या तेच हे डॉक्टर तिच्या पायाबद्दल सांगत होते. मी पहिल्यांदा नीट ऐकलं. मी तिथे भिंतीला टेकून उभा होतो आणि मला वाटत होतं, कोणीतरी येऊन मला मुस्काटात द्यावी. कोणी दिली नाही. सगळे मला मास्तर या, मास्तर बसा म्हणत होते.

बाकीचा पाय चांगला आहे. आता जपलं तर चालेल म्हणाले. तिला इन्शुलिन सुरू झालं आहे. ते द्यायला मी शिकलोय. पण अक्का, ही बाई माझ्याहून वाईट पेशंट आहे! गुळाचा खडा पदराच्या गाठीत सापडला. विचारलं तर म्हणते, "खायला न्हाय, नुसता जवळ असावा म्हून." घरी होती तोवर चालू नको म्हटलं की चालायची, खा म्हटलं की माझ्यासाठी ठेवायची. मी ओरडायचो, कवळी पडायची, ती उचलून माझ्या हातात द्यायची आणि पुन्हा उठून भांडी घासायला लागायची. तू मला बोलायचीस तेव्हा तुला काय होत असेल ते आता कळतंय.

डॉ. हेमावतींनी इम्प्लांटसाठी गुरुवारची तारीख दिली होती. माझी साखर आता सातच्या आत आहे. मी जाऊन सांगितलं, नको. तिचा पाय भरेपर्यंत मला दात नकोत. दातांशिवाय मी मरत नाही. पुराण चन्नवीर सांगेल, त्याला शाल चांगली दिसते.

हे काल संध्याकाळी तिला सांगितलं. भूल उतरली होती, डोळे किलकिले केले होते. पायाला एवढं बँडेज. आणि डोळे उघडल्यावर तिचा पहिला प्रश्न काय असेल? "जेवलात का?" अक्का, मला असा संताप आला! मी त्या वॉर्डात ओरडायला लागलो. म्हटलं मला विचारू नकोस, आयुष्यभर मलाच विचारत आलीस, माझा वाटा खाल्लास, माझ्यासाठी हात दिलास, आता पाय दिलास, तू कोण लागून गेलीस, एकदा तरी नाही म्हण, मला एक थोबाडीत मार पण नाही म्हण. आणि दात रद्द केलेत, ऐकलंस का, रद्द! आजूबाजूची माणसं उठून बसली. नर्स धावत आली, ह्या आजोबांना काय हवंय म्हणून तिला विचारायला लागली. माझं एक अक्षर कोणाला कळलं नव्हतं. माझ्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं.

शिवलीलेने सगळं ऐकून घेतलं. मग नर्सला म्हणाली, "कायबी न्हाय, भांडत्यात." आणि माझ्याकडे न बघता, डोळे मिटूनच मला म्हणाली,

"गुरुवारी जायचं. आदी दात बसवून या, मग नीट भांडा. तवर मी कुटं जात न्हाय."

तुझा
मल्लू